एअर मॅट्रेस, मोटरच्या खाटा आणि रुग्णालयाचा खर्च: कात्री नेमकी कुठे लावायची?

खातेवही

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाचा हिशोब आणि खरेदी मी बघतो. आयसीयू, न्यूरो आणि हाडांचा वॉर्ड असल्यामुळे आठवडेच्या आठवडे पाठीवर पडून असणारे पेशंट आमच्याकडे बरेच. भंडारा-गोंदियाचे तर येतातच, पण पलीकडच्या शिवनी-छिंदवाड्याहूनही येतात.

एक खर्च वर्षानुवर्षं वाढतोय आणि कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण तो एका जागी दिसतच नाही. एअर मॅट्रेस, म्हणजे पंपाने आलटून-पालटून हवा भरली जाणारी गादी, ‘किरकोळ खरेदी’त जाते, तिचा पंप दुरुस्तीत, मोटरची पाच फंक्शनवाली खाट भाड्याने आणली तर ती ‘बाहेरील सेवा’ या शीर्षाखाली. आणि बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, झालाच, तर ड्रेसिंग, अँटिबायोटिक आणि लांबलेला मुक्काम आणखी तिसऱ्याच खात्यात. हे सगळं एका कागदावर मांडलं तेव्हा विश्वस्तांनी बेरीज पुन्हा तपासायला लावली.

आता त्यांच्यात दोन गट आहेत. एक म्हणतो, आयसीयूच्या सगळ्या खाटांना चांगल्या ट्यूब्युलर (आडव्या नळ्यांच्या) एअर गाद्या एकदाच घेऊन टाका. दुसरा म्हणतो, गादी नातेवाइकांनी आणावी, आपण हात काढून घ्यावा. दुसरं मला मुळीच मान्य नाही. गडचिरोलीहून पेशंट घेऊन आलेल्या माणसाला रात्री सीताबर्डीत गादी शोधायला पाठवणं हे धर्मादाय रुग्णालयाला शोभत नाही. पण पहिलंही पटत नाही. माझं मत असं की पैसा भावात जातच नाही. गादी कोणाला लागते, ते ठरवतं कोण आणि गरज संपल्यावर ती निघते कधी, इथे तो जातो. टेंडरमध्ये नगामागे दोनशे रुपये घासून काही हाती लागणार नाही.

तुमच्याकडे कसं चालतं? गादी कोण लिहून देतं? विकत घेता की भाड्याने? आणि खर्च आवळल्यावर बेडसोर वाढले का? हा शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

इन्चार्ज_सिस्टर

खातेवहीदादा, हिशोबाच्या खुर्चीतून कोणी हा प्रश्न विचारतंय याचाच आनंद झाला. मी बरीच वर्षं मेडिसिन आयसीयूची इन्चार्ज होते, आता क्वालिटी बघते.

आमच्याकडे पूर्वी एअर मॅट्रेस मिळायची ती ओळखीवर किंवा आवाजावर. राउंडच्या वेळी ज्याचे नातेवाईक जोरात बोलले, त्याच्या खाटेला पंप लागायचा. आणि कोपऱ्यातली, कमरेखाली लुळी पडलेली, सोबत कोणी नसलेली बाई साध्या रेक्झिनच्या गादीवर. हे थांबलं ते ब्रेडन स्केल, म्हणजे बेडसोरचा धोका गुणांत मोजायची पद्धत, सक्तीची केल्यावर. त्यात सहा गोष्टी बघायच्या: दाबलेलं-दुखलेलं पेशंटला कळतं का, अंग ओलं राहतं का, उठून चालतो का, पडल्यापडल्या स्वतः कूस बदलतो का, पोटात नीट जातंय का आणि खाली घसरताना कातडी घासली जाते का. एकूण गुण ६ ते २३. १८ किंवा त्याखाली म्हणजे धोका, आणि जितके कमी तितका जास्त. ही पद्धत १९८७ पासून छापलेली आहे. ॲडमिशनच्या शिफ्टलाच सिस्टर भरते आणि गादी द्यायची की नाही हे तीच ठरवते. डॉक्टरांच्या सहीसाठी थांबत नाही.

पण अर्धी बचत पुढे आहे. गुण रोज भरायचे. सुधारले की गादी काढून दुसऱ्याला द्यायची. हे कोणीच करत नाही हो! पेशंट खुर्चीत बसून चहा-बिस्किट खातोय आणि रिकाम्या खाटेवर पंप घुरघुरतोय, असं मी स्वतः कितीदा पाहिलंय. त्याच वेळी शेजारच्या वॉर्डातून नवीन गादीचा इंडेंट (मागणीचा कागद) आलेला असतो.

बायोमेड_भाऊ

सिस्टरताई बरोबर बोलून राहिल्या. आता मशीनच्या बाजूचं ऐका. धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयांचे पंप माझ्याकडे येतात. ‘खराब’ म्हणून आलेल्या पंपांतले कितीतरी खराब नसतेतच. पाइप खाटेच्या कठड्यात चेपलेला असतो. नाही तर बॅक केअरच्या, म्हणजे पाठ पुसायच्या वेळी ‘स्टॅटिक’चं बटण दाबलं ते तसंच राहून गेलं, म्हणजे हवा आलटून-पालटून फिरतच नाही. सीपीआरचा व्हॉल्व्ह (छाती दाबायची वेळ आली तर हवा झटकन सोडायचा) अर्धवट उघडा. वजनाचा नॉब कोणी तरी पूर्ण उजवीकडे फिरवलेला, चाळीस किलोच्या आजीला गादी दगडासारखी टणक. आणि सगळ्यात जास्त काय, तर प्लग काढून त्या जागी नेब्युलायझर किंवा मोबाइलचा चार्जर. एक-दोन तासांत गादी बसली. मग वॉर्ड म्हणते गादी खराब, नवी द्या. काऊन देता नवी? आधी प्लग पाहा ना भाऊ.

दुसरं म्हणजे गादीवर काय-काय घालून राहिले ते पाहा. गादी, त्यावर जाड बेडशीट, त्यावर मॅकिंटॉश (रबरी कापड), त्यावर ड्रॉशीट (आडवी छोटी चादर), त्यावर घरून आणलेली गोधडी. एवढ्या थरांवरून खालची हवा अंगापर्यंत पोचणार कशी? एक सैल सुती चादर बस आहे.

आणि पाच मिनिटांची तपासणी सांगतो, पैसा लागत नाही. पेशंट गादीवर असतानाच, माकडहाडाच्या जागी, गादीच्या खालून तळहात वर करून हात सरकवा. हाताच्या आणि अंगाच्या मध्ये इंचभर तरी फुगलेली गादी जाणवली पाहिजे. हाड थेट हाताला लागलं, तर तो माणूस गादीवर नाही, खाटेच्या पत्र्यावर झोपून राहिला. फोमच्या गादीलाही हीच तपासणी चालते. करून पाहा आणि मग इथे येऊन सांगा किती गाद्या पास झाल्या.

धंतोलीची_वारी

मी पेशंटच्या बाजूने लिहिते. सासऱ्यांना लकवा झाला तेव्हा एका खासगी रुग्णालयात होते. एअर मॅट्रेस आम्हीच दुकानातून विकत आणली, कारण ‘आमच्याकडे शिल्लक नाही’. डिस्चार्जच्या बिलात रोजचे ‘एअर बेड चार्जेस’ लावलेले! भांडल्यावर काढले. ज्यांना भांडता येत नाही त्यांचं काय?

साधा हिशोब मांडा. फुगेवाली, म्हणजे बबल गादी बाजारात पंपासकट दोन-तीन हजारांना मिळते. दिवसाला दोनशे लावले तर पंधरा दिवसांत ती वसूल. त्यापुढचे सगळे दिवस निव्वळ नफा. मग गादी काढायची घाई रुग्णालयाला कशी असणार? इथे सगळे ‘खर्च’ म्हणतायत, पण काही ठिकाणी ही कमाई आहे आणि ती आमच्या खिशातून आहे.

पॉलिसी_वाचक

वरच्या ताईंच्या मुद्द्याला जोडून. आरोग्यविम्यात हा आकार बहुतेकदा कापला जातो. आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, न दिल्या जाणाऱ्या ६८ बाबींची जी यादी केली, तिच्यात ‘निंबस बेड किंवा वॉटर किंवा एअर बेड चार्जेस’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. जादा संरक्षण घेतलं असेल तरच मिळतं. आधीच्या यादीत निदान एवढी सवलत होती की आयसीयूत तीन दिवसांहून जास्त राहावं लागणाऱ्या पेशंटला, तसंच कोणत्याही कारणाने दोन्ही पाय किंवा चारही हातपाय लुळे पडलेल्या पेशंटला दिवसाला साधारण २०० रुपयांपर्यंत द्यावेत. कदाचित म्हणूनच बिलात तो आकडा इतका नेमाने दिसतो.

ॲडमिशनच्या वेळीच विचारा: गादी खाटेच्या भाड्यात धरली आहे की वेगळी? लेखी घ्या. महाराष्ट्राच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे.

अतिदक्षता_डॉक

एक अप्रिय मुद्दा मांडतो. आपण सगळे गृहीत धरून चाललोय की हवेची गादी म्हणजे उत्तम आणि फोम म्हणजे काटकसर. पुरावा तसं ठामपणे म्हणत नाही. ब्रिटनमध्ये ‘प्रेशर २’ नावाची मोठी चाचणी झाली, निकाल २०१९ मध्ये आले. धोक्यातले २,०२९ पेशंट. निम्मे हवा बदलणाऱ्या गादीवर, निम्मे उच्च प्रतीच्या फोमवर. दुसऱ्या टप्प्याची (कातडी फुटलेली) किंवा त्याहून खोल नवी जखम हवेच्या गादीवर ६.९ टक्के लोकांना झाली, फोमवर ८.९ टक्के. मुख्य निकषावर हा फरक ठामपणे सिद्ध झाला नाही.

कूस बदलण्याचंही तसंच. अमेरिका-कॅनडातल्या २७ वृद्धाश्रमांत ९४२ जणांवर २०१३ चा अभ्यास आहे. चांगल्या घनतेच्या फोमवर दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलणाऱ्यांत फरक आढळला नाही.

म्हणून खातेवहींना माझा सल्ला: तुमच्या साध्या गाद्या बदला. शंभर खाटांवर बसका, मध्ये खड्डा पडलेला फोम ठेवायचा आणि वरून हवेची गादी मागवत राहायची, हा सगळ्यात महाग मार्ग आहे. तळाची गादी चांगली असेल तर हवेच्या गादीची मागणी आपोआप घटते.

इन्चार्ज_सिस्टर

डॉक्टर, फोम बदला याला माझा शंभर टक्के पाठिंबा. पण ते आकडे तसेच्या तसे नागपुरात आणू नका. त्यांचा ‘उच्च प्रतीचा फोम’ म्हणजे थरांचा, वर ताणला जाणारा, वाफ बाहेर सोडणारा कव्हर. आपल्याकडे फोमवर जाड रेक्झिन. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस, आत कूलरची दमट हवा आणि पाठीखाली रेक्झिन. अर्ध्या तासात पाठ ओली. ओली कातडी लवकर फाटते, हे ब्रेडनमध्येच आहे.

आणि चार तासांनी कूस बदलली तरी चालते, हे वाक्य कृपा करून ॲडमिनच्या कानावर घालू नका! भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिक्षण रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि इतर रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स असं आहे. रात्रपाळीला कोणत्याही जनरल वॉर्डात जा आणि मोजा. एकटी सिस्टर, एखादी मावशी, आणि सत्तर किलोचा बेशुद्ध माणूस. त्याला वळवायला दोघं लागतात. म्हणून सिस्टर गादी मागते. तिला गादीची हौस नाही, तिला हात कमी पडतायत. त्या वृद्धाश्रमांत निदान ठरलेल्या वेळी कूस बदलली जात होती. आपल्याकडे कागदावर ‘दर दोन तासांनी’ लिहिलेलं असतं आणि सहा तास कोणी फिरकत नाही.

अतिदक्षता_डॉक

हे मान्य. मग हिशोबात रात्रपाळीच्या एका जास्तीच्या मावशीचा पगारही मांडला पाहिजे. मोटरच्या एका खाटेचं महिन्याचं भाडं आणि तिचा पगार शेजारी-शेजारी लिहून विश्वस्तांना दाखवा.

तर्री_पोहे

सिस्टर, आमच्या साहेबांचाही ब्रेडन काढून द्या. हालचाल शून्य, खुर्ची सोडत नाहीत, पोषणात मात्र पैकीच्या पैकी. 😄

इन्चार्ज_सिस्टर

@तर्री_पोहे साहेबांना सांभाळा! आणि हसण्यावारी नेऊ नका हं, बसून-बसूनही बेडसोर होतो. व्हीलचेअरवर असणाऱ्यांना बैठकीच्या हाडावर होतो तो फार चिवट. त्यांना दर पंधरा ते तीस मिनिटांनी वजन हलवायला शिकवतो आम्ही: हातांवर रेटून उचला, पुढे वाका, एकेका बाजूला झुका.

मेडिकल_चौक

सरकारी बाजू. ज्या रुग्णालयात मी आहे त्याचं नाव घेत नाही, पण गोष्ट सगळीकडची आहे. जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर ‘एअर मॅट्रेस’ एवढंच टाकलं की एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराची, म्हणून सगळ्यात पातळ बबल गादी येते. काही महिन्यांत फुगे फुटतात, एक फुटला की अख्खी गादी गेली, कारण तो बदलता येत नाही. मग कंडेम करायची समिती, डेडस्टॉक रजिस्टर, पुन्हा मागणी. भाव सगळ्यात कमी आणि वर्षाचा खर्च सगळ्यात जास्त.

उपाय स्पेसिफिकेशनमध्ये आहे. आम्ही आता लिहितो: आडव्या नळ्यांची गादी, नळ्या सुट्या बदलता येतील अशा, उंची किमान पाच इंच, कव्हर धुता येणारं आणि वाफ सोडणारं, वजनाची मर्यादा लेखी, सीपीआर व्हॉल्व्ह, पंपाला कमी दाबाचा अलार्म, स्थानिक सर्व्हिस आणि वॉरंटीनंतरच्या सर्वसमावेशक देखभालीचा दर त्याच निविदेत. दर तुलनेला हा देखभालीचा खर्च मिळवून बघायचा. नमुना मागवायचा आणि वॉर्डात खऱ्या खाटेवर लावून बघायचा, टेबलावर नाही. राज्य शासनाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आहेच. आता तर २०२३ च्या कायद्याने वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण झालंय. नियम आडवे येत नाहीत. स्पेसिफिकेशन लिहिताना वॉर्डातल्या सिस्टरला कोणी बोलावत नाही, हे आडवं येतं.

बायोमेड_भाऊ

@मेडिकल_चौक नळी सुटी बदलता येते हे नुसतं लिहून घेऊ नका, तिचा भाव लिहून घ्या. गादी स्वस्त देतात आणि नळीला सोन्याचा भाव लावतात. आणि रुग्णालयात एकाच मेकच्या गाद्या ठेवा बाप्पा. चार कंपन्यांचे चार पाइप, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पंप चांगला, गादी चांगली, पण जोडणारी पिन वेगळी म्हणून दोन्ही स्टोअरात धूळ खात पडून.

ओहायोची_वैदर्भीय

मूळची धरमपेठेची, इथे अमेरिकेत एका मोठ्या रुग्णालयाच्या साहित्य विभागात काम करते. इथली गोष्ट वेगळी आहे, पण एक-दोन गोष्टी उपयोगी पडतील.

इथे महागड्या खाटा, म्हणजे सतत थोडी हवा बाहेर सोडून कातडी कोरडी ठेवणाऱ्या ‘लो एअर लॉस’ गाद्या, वाळूसारख्या मण्यांमध्ये हवा सोडून तरंगवणाऱ्या खाटा, अतिवजनाच्या पेशंटच्या रुंद खाटा, या बऱ्याचदा रोजच्या भाड्याने येतात. मीटर रोज पडतं. त्यामुळे भाड्याची खाट कोणाखाली आहे, कोणत्या तारखेपासून आणि आज गरज आहे का, याची यादी रोज सकाळी निघते. ठरलेल्या मुदतीत कोणी नव्याने सही केली नाही तर कंपनीला परत न्यायला फोन जातो. पेशंट डिस्चार्ज होऊन दोन दिवस झाले आणि खाट कॉरिडॉरमध्ये भाडं खातेय, ही गळती सगळ्यात आधी बंद करावी लागते.

दुसरं म्हणजे, ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअरने रुग्णालयात झालेल्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्याच्या (खोल) बेडसोरचे जास्तीचे पैसे देणं थांबवलं. त्यामुळे ॲडमिशनच्या वेळी कातडी नीट तपासून लिहून ठेवणं सगळीकडे काटेकोर झालं. जखम घरून आली की इथे झाली, हे पहिल्या दिवशीच कळायला हवं.

महालकर

माफ करा, विषय थोडा घरचा आहे. आजी ८६ वर्षांची, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, आता घरी महालात आहे. इतवारीतल्या दुकानदाराने बबल गादी आणि सोबत बसायची रबरी रिंगही दिली. कोणी सांगितलं की हातमोज्यांत पाणी भरून टाचेखाली ठेवा. लाइट गेली की गादी बसते ती वेगळीच भानगड. काय करू?

इन्चार्ज_सिस्टर

महालकर, रिंग आजच्या आज काढून टाका. मधल्या भागावरचा दाब कडेवर येतो आणि रक्तपुरवठा उलट कमी होतो. पाण्याचे हातमोजेही नकोत. टाचेसाठी पोटरीखाली लांब उशी ठेवा, टाच पूर्ण अधांतरी राहिली पाहिजे, गुडघा किंचित वाकलेला.

कुशीवर वळवताना पूर्ण आडवी नको, खुब्यावर भार येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलती ठेवा. ऑपरेशनची बाजू कोणती आणि वळवायचं किती, हे हाडांच्या डॉक्टरांना विचारूनच. डोक्याकडची बाजू जेवणापुरती वर करा, नंतर ३० अंशांपेक्षा जास्त उंच ठेवू नका, नाही तर अंग खाली घसरतं आणि माकडहाडापाशी कातडी ओढली जाते.

लाइट जाते म्हणून एअर गादी कधीही नुसत्या फळीवर घालू नका. खाली चांगला फोम हवाच. पंप बंद पडला तरी आजी फोमवर असतील.

रोज आंघोळ घालताना पाठ, खुबे, टाचा बघा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. बोटांनी चाचपा. एखादी जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागली, दाबल्यावर दुखली, तर तिथे काही तरी सुरू झालंय.

महालकर

खूप आभार ताई. रिंग काढली. टाचेखाली उशी लावल्यावर आजी म्हणाली, ‘आत्ता कसं बरं वाटतं’.

धंतोलीची_वारी

पुढे विकत घ्यायची की भाड्याने, असा प्रश्न आला तर: गादी विकतच घ्या, दुसऱ्याच्या अंगाखालची नको. खाट मात्र भाड्याने. हाताने फिरवायची फुल फाउलर (पाठीकडची आणि गुडघ्याकडची बाजू वर होणारी खाट) घरी पुरते, मोटरची लागत नाही.

खातेवही

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवसांत आमच्याकडे थोडं काम झालं.

बायोमेड_भाऊंची हाताची तपासणी न्यूरो वॉर्डात करून घेतली. सिस्टर, मावशी आणि मी. ज्या गाद्या आम्ही ‘चांगल्या’ म्हणून रजिस्टरला लावल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच नापास. कव्हरची चेन उघडली तर काहींच्या आत फोमवर तपकिरी डाग आणि कुबट वास. वरून रेक्झिन चकाचक पुसलेलं. हे पाहून मला फार वाईट वाटलं. अशा गादीवर आपण माणसं झोपवतोय आणि वरून हवेच्या गाद्यांच्या खर्चाची चर्चा करतोय.

तर समितीपुढे मी असं मांडणार आहे. पहिला पैसा फोमला, आणि तोही नुसत्या घनतेवर नाही, कव्हरवर. हवेच्या गाद्या मोजक्या, एकाच मेकच्या, नळ्या बदलता येणाऱ्या, आणि त्या वॉर्डाच्या नसून मध्यवर्ती स्टोअरच्या. ब्रेडन भरून सिस्टरने मागितली की द्यायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा गुण लिहिले नाहीत तर स्टोअर विचारणार. मोटरच्या खाटा फक्त भाड्याने आणि त्यांची रोजची यादी माझ्या टेबलावर. पेशंटला वेगळा आकार नाही. जन आरोग्य योजनेच्या पेशंटकडून तर एरवीही घेता येत नाही, बाकीच्यांच्या खाटेच्या दरातच तो धरायचा. धंतोलीच्या ताईंचा मुद्दा मला बोचला. ज्या वस्तूवर रोज कमाई होते ती काढायला कोणी धावत नाही, हे आम्हालाही लागू आहे. आणि सगळ्या खर्चाला एकच खातं, ज्यात बेडसोरचं ड्रेसिंगही येईल.

फोमच्या रकमेवर विश्वस्त अडतील. एकदम मोठा आकडा आहे.

अतिदक्षता_डॉक

चांगलं आहे. एक दुरुस्ती. तिसऱ्या दिवसाचा नियम मणक्याला मार लागून पाय गेलेल्यांना लावू नका. त्यांची संवेदना परत येईपर्यंत, किंवा येणारच नसेल तर कायम, धोका राहतो. रोजच्या यादीत त्यांच्यापुढे ‘काढू नये’ असा शिक्का हवा. नाही तर एखाद्या रविवारी कोणी तरी प्रामाणिकपणे नियम पाळेल आणि महिन्याभराची जखम पदरात पडेल.

मेडिकल_चौक

फोमची रक्कम वॉर्डवार टप्प्यांत मागा. पहिल्या टप्प्यात फक्त नापास गाद्या, त्यांचे फोटो फाइलला लावून. आतल्या डागांचा फोटो कोणत्याही टिपणीपेक्षा जास्त बोलतो, अनुभव आहे. नवीन गादीवर न पुसता येणारी तारीख घाला, म्हणजे पुढच्या वेळी तिचं वय कोणाला विचारावं लागणार नाही.

इन्चार्ज_सिस्टर

दादा, सुरू करायच्या आधी एक काम. आज किती पेशंटना बेडसोर आहेत, कोणत्या टप्प्याचे, घरून आलेले किती, इथे झालेले किती, हे सगळ्या वॉर्डांत एकाच दिवशी मोजून ठेवा. एनएबीएचच्या (रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या मंडळाच्या) निर्देशकांत हे आहेच, दर हजार रुग्णदिवसांमागे किती नवे. हा आकडा नसेल तर तुमचा खर्च कमी झाला एवढंच कळेल, पेशंटचं काय झालं ते कळणार नाही.

आणि विश्वस्तांना आधीच सांगा की पहिल्या काही महिन्यांत आकडा वाढलेला दिसेल. आजवर लिहिलंच जात नव्हतं ते आता लिहिलं जाईल. त्या वाढीसाठी एकाही सिस्टरला मेमो देऊ नका. एकदा मेमो गेला की पुन्हा कोणी खरं लिहिणार नाही.

बायोमेड_भाऊ

माझं एक राहिलं. नवीन कव्हर आले की घट्ट हायपो (जंतुनाशक) ओतून तसेच वाळवू नका. कोटिंग तडकते, मग पाणी आत. कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच हायपो, आणि नंतर साध्या पाण्याने पुसून घ्या. हे मावशींना करून दाखवा, नुसतं सर्क्युलर काढून भिंतीवर लावू नका.

खातेवही

तिन्ही सूचना घेतल्या. ‘काढू नये’चा शिक्का आजच बनवायला टाकतो. सिस्टर, ब्रेडनचा मराठी तक्ता तुमच्याकडे आहे का? आमच्या नव्या मुली इंग्रजी फॉर्मवर अडतात, आणि मावशींनाही वाचता आला पाहिजे असं वाटतं.

इन्चार्ज_सिस्टर

आहे. हाताने केलेला आहे, मागच्या बाजूला कुठल्या गुणाला काय करायचं तेही लिहिलंय. उद्या ड्यूटी संपली की फोटो काढून व्यक्तिगत निरोपात पाठवते. मोजणी कराल तेव्हा रात्रपाळीवाल्यांनाही त्यात घ्या, पहाटे चारची पाठ आणि दुपारी बाराची पाठ एकसारखी नसते.